दुसरी टाळी उशिरा

नागोया, ९ एप्रिल

तोमोए,

पाकिटावर 'सिस्टर आग्नेस' असं लिहिलंय, नाहीतर तुमच्या फाटकावरची सिस्टर पत्र परत पाठवायची. आत मात्र तोमोएच. जिन्याखाली उभं राहून हे नाव मी इतकी वर्षं ओरडलेय की आता आग्नेस माझ्या जिभेवर यायची नाही.

दर नाताळला तुझं कार्ड येतं. आई चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा वाचते आणि मी तेवढ्यात भांडी घासायला उठते. मी एकाचंही उत्तर दिलं नाही, आणि त्याची माफी मागायला हे पत्र नाही, गैरसमज नको. तू विसाव्या वर्षी, युनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून, किसोच्या डोंगरातल्या त्या मठात जाऊन बसलीस. बाबांनी तुझं नाव काढायचं सोडलं ते मरेपर्यंत. आणि मी पहाटे उठून टोफूच्या गार पाण्यात हात घालत राहिले. राग होता, अजून आहे. वय झालं की राग आपोआप जातो असं तुमच्या पुस्तकात असेल, माझ्या बाबतीत तसं झालेलं नाही.

आता बातमी. आपलं टोफूचं दुकान मार्चमध्ये बंद केलं. आई शहाऐंशीची, माझी कंबर गेलेली, आणि गल्लीतली माणसं टोफू सुपरमार्केटातून आणतात. आईने स्वतःच्या हाताने शटर ओढलं आणि म्हणाली, "बंद म्हणजे बंद. आता कोणी वाजवलं तरी उघडायचं नाही." दुसऱ्याच दिवशी समोरच्या निशिवाकीबाई आल्या, शटर वाजवत राहिल्या, आणि आई आत शांतपणे चहा पीत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरी बातमी बसून वाच. मी युनिव्हर्सिटीत जाते. तुझ्याच. मोठ्या वयाच्या माणसांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते, ती दिली. मुलाखतीत 'का शिकायचंय' असं विचारलं, तेव्हा 'ज्ञानाची आवड आहे' असं ठोकून दिलं. खरं कारण त्यांना कशाला सांगू? माझी धाकटी बहीण सकाळी डबा घेऊन इथं जायची आणि एके दिवशी इथूनच परस्पर निघून गेली. इथं असं काय होतं ते मला बघायचंय. मी चौकशीला आलेय.

पहिल्या दिवशी चॅपलमध्ये बसले, तर शेजारची मुलगी अदबीने म्हणाली, "काकू, पालकांची बाकं मागे आहेत." मी म्हटलं, "पालक नाही गं, तुझ्याच वर्गात आहे." तिचं नाव नोनोका. लाजून लाल झाली, आणि तेव्हापासून पाठ सोडत नाही.

आई बरी आहे. अजून रोज सकाळी खाली जाते, रिकाम्या दुकानात देवाच्या फळीसमोर उभी राहते, वाकून नमस्कार करते आणि दोन टाळ्या वाजवते. मी वरून दोन टाळ्यांनी उत्तर देते. आठवतं ना? उत्तर आलं नाही तर ती वर येऊन पांघरूण ओढायची. तुझं उत्तर यायचं तेही पांघरुणातूनच. पहिली टाळी धड, दुसरी उशिरा आणि लोळत. "लोळतेय मेली," म्हणायची आई, आणि तरी तुला सोडून द्यायची. मला कधी सोडलं नाही.

किनुए


नागोया, २० जून

तोमोए,

तुझं उत्तर मिळालं. 'ताई, मी तिथं सापडणार नाही' असं लिहितेस. ते मी ठरवीन.

चौकशी चालू आहे. तू ग्रंथालयात बसायचीस, तिथं बसले. झोप आली. तू कापराच्या झाडाखाली डबा खायचीस असं आई म्हणाली, तिथंही बसले, मुंग्या चावल्या. ख्रिस्ती धर्माची ओळख हा विषय सगळ्यांना सक्तीचा आहे. तो शिकवायला ओगिवारा सेन्सेई आहेत, पाद्रीच आहेत, बारीक आवाजाचे. वर्गातली निम्मी पोरं झोपतात. सगळ्या वर्गात ख्रिस्ती म्हणावीत अशी दोन-तीन डोकी असतील. सेन्सेईंनी एकदा प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कशासाठी प्रार्थना करता. कोणी परीक्षेसाठी म्हणालं, कोणी आजोबांसाठी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी करत नाही. आमच्याकडे ते खातं आईकडे आहे." सगळे हसले. सेन्सेईसुद्धा.

पण एक गोष्ट सापडली. दुपारी जेवणाच्या आधी चॅपलमध्ये वीसेक मिनिटांची प्रार्थना असते. पहिले काही दिवस मी तिथं नुसती घड्याळ बघत बसायची. मग एकदा लक्षात आलं की इतका वेळ झाला आणि मला कोणी हाक मारलेली नाही. कोणी "किनुए, पाणी सोड" म्हटलं नाही, "किनुए, गिऱ्हाईक बघ" म्हटलं नाही. सहा-सात वर्षांची असल्यापासून असा वेळ मला मिळाल्याचं आठवत नाही. तुलाही मिळाला नसणार. आपल्या घरात झोपेतून उठवायलासुद्धा टाळ्या होत्या.

म्हणजे हेच होतं होय? म्हटलं, एवढ्यासाठी गेलीस? आणि मग बाकावर बसल्या बसल्या मला रडू आलं. नोनोकाने रुमाल दिला, त्याच्यावर मांजरी होत्या.

आता मुद्द्याचं. आईला तुला एकदा बघायचंय. ती तोंडाने म्हणणार नाही, तुला माहीत आहे ती कशी आहे. पण मोरितावाल्यांच्या कॉफीच्या दुकानात सकाळचा टोस्ट खाताना परवा एकदम म्हणाली, "तिथं मठात त्यांना टोस्टवर लाल घेवड्याचा गोड गर मिळत असेल का गं?" हा प्रश्न टोस्टबद्दलचा नव्हता, हे मला कळतं. भेटायला येता येतं का ते तुमच्या मोठ्या सिस्टरना विचारून कळव.

किनुए


नागोया, ३ ऑक्टोबर

तोमोए,

या महिन्यात केव्हाही या असं तू कळवलंस, जाळीच्या अलीकडे बसून तासभर बोलता येईल म्हणालीस. मोठ्या सिस्टरना आमचे आभार सांग.

पण या महिन्यात जमत नाही. आई दातांची कवळी करून घेतेय. नव्या दातांशिवाय लेकीसमोर जाणार नाही म्हणते. आणि माझ्याही सहामाही परीक्षा आहेत. शिवाय आमच्या गल्लीत रस्ता खणलाय, आईला चालायला त्रास होतो. पुढच्या महिन्यातही कवळी होईल की नाही सांगता येत नाही.

तेव्हा नाताळनंतरच येऊ. आई म्हणाली, "तिला लिही, काही घाई नाही." मी लिहिलं.

आई बरी आहे. थोडी बारीक झालीय. सकाळच्या टाळ्या चालू आहेत. कधी कधी खाली जिन्यावर बसूनच वाजवते.

उन्हाळ्यातल्या परीक्षेत मला येशूच्या गोष्टींवर प्रश्न आला, हरवलेल्या मेंढराचा. नव्व्याण्णव मेंढ्या रानात सोडून तो मेंढपाळ एकीच्या मागे जातो. मी लिहिलं की नव्व्याण्णवांपैकी सर्वांत मोठीला त्यावेळी काय वाटलं असेल हे पुस्तकात दिलेलं नाही. सेन्सेईंनी त्याच्यापुढे लिहिलं, 'खरंच दिलेलं नाही.' आणि पूर्ण गुण दिले.

किनुए


नागोया, २ डिसेंबर

तोमोए,

आजपासून नाताळपर्यंत तुमच्याकडे आलेली पत्रं कोणाला देत नाहीत, पेटीत ठेवतात आणि नाताळच्या दिवशी सगळी एकदम देतात, असं तू उन्हाळ्यात लिहिलं होतंस. मी तेव्हा म्हटलं होतं, हे काय खूळ. आज तेच खूळ माझ्या कामाला आलंय.

कारण आईने मला शपथ घातलीय की नाताळच्या आधी तोमोएला काही कळता कामा नये. आणि हे पत्र तू नाताळच्या आधी वाचणार नाहीस. म्हणजे शपथही मोडत नाही आणि माझं पोटही फुगत नाही.

कवळी वगैरे काही नाही. आईचे दात अजून अक्रोड फोडतील असे आहेत. सप्टेंबरमध्ये तिला कावीळ झाली म्हणून दवाखान्यात नेलं, तर स्वादुपिंडात गाठ निघाली. ऑक्टोबर, नोव्हेंबर सगळे तिथंच गेले. डॉक्टर तरुण आहेत, खाली बघून बोलले. नव्या वर्षाचे तांदळाचे चिवट मोचीचे गोळे खायला आई असेल की नसेल ते सांगता येत नाही म्हणाले. आईने विचारलं, "मोची नरम करून दिले तर?" डॉक्टरांना हसावं की काय ते कळेना.

ती आता घरीच आहे. कापायचं नाही, नळ्या नकोत, हे तिचं तिने सांगून टाकलं.

मी म्हटलं, मठात फोन करते. अशा वेळी देतात परवानगी, त्या काय दगड आहेत का? आई अंथरुणातून उठून बसली. म्हणाली, "आता त्यांचे मौनाचे दिवस आहेत ना? तिचं शटर खाली आहे. खाली असताना वाजवायचं नाही. निशिवाकीबाईंना नाही उघडलं, मग स्वतःसाठी कशी उघडायला लावू?"

"निशिवाकीबाई टोफू घ्यायला आल्या होत्या, आई. मरायला नव्हत्या आल्या."

"तोंड आवर. माझी मुलगी काहीतरी धरून बसलीय तिथं इतकी वर्षं. माझ्या पोटातल्या गाठीपायी ते सोडायला लावू का?"

इतकी वर्षं मला वाटायचं की बाबांसारखीच आईसुद्धा तुझ्यावर रागावलीय, फक्त दाखवत नाही. तसं नव्हतं. कपाटात तुझी भाताची वाटी आणि जेवायच्या काड्या अजून आपल्या जागेवर आहेत, हे मला माहीत होतं. दर वर्षअखेरीला ती त्या खाली काढून धुते, हे मला परवा कळलं, कारण यंदा तिने ते काम मला सांगितलं.

मी कात्रीत सापडलेय, तोमोए. फोन समोर असतो आणि करता येत नाही.

किनुए


नागोया, ११ डिसेंबर

तोमोए,

काल युनिव्हर्सिटीत झाडावर दिवे लावायचा कार्यक्रम होता. आईला कुठून कळलं कोण जाणे. नोनोका सूप घेऊन घरी आली होती, तिनेच सांगितलं असणार. आई म्हणाली, "मला ने. तोमोए होती तेव्हा दुकानामुळे जमलं नाही." मी नको नको म्हणत होते, पण तोवर तिने लोकरी मोजे चढवले होते.

चाकाच्या खुर्चीतून नेली. चॅपलमध्ये मेणबत्त्या, ऑर्गन, मुलांचं गाणं. आई अगदी शहाण्या बाळासारखी बसली. मग सेन्सेई म्हणाले, आता आपण थोडा वेळ शांत राहून प्रार्थना करू. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एवढी माणसं, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी. आणि त्या शांततेत माझ्या बाजूला काहीतरी हललं. बघते तर आई काठी धरून उभी. एकदा वाकली, दोनदा वाकली आणि खणखणीत दोन टाळ्या वाजवल्या.

सगळं चॅपल मागे वळून बघायला लागलं. पोरं हसू दाबत होती. मला वाटलं, जमीन फाटावी. ओढून खाली बसवायला गेले, तर ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मान वर करून ऑर्गनच्या माळ्याकडे बघत होती, आपल्या जिन्याकडे बघावं तशी. कान देऊन. बराच वेळ.

मग बसली आणि हळूच म्हणाली, "वर कोणी नाही वाटतं."

बाहेर आल्यावर मी सेन्सेईंची माफी मागितली. आई मध्येच म्हणाली, "तुमचा देव झोपला असेल तर उठवायला नको का?" सेन्सेई तिच्यापुढे खाली वाकले आणि म्हणाले, "आजींनी उठवलं ते बरं झालं. आमच्या बारीक आवाजाने तो उठत नाही." आईला ते आवडले. येताना म्हणाली, माणूस बरा आहे, पण जेवत नाही वाटतं.

मी मात्र घरी येऊन विचार करत बसले. शटर वाजवायचं नाही, कबूल. पण तुमच्या मठाच्या चॅपलमध्ये बाहेरच्या माणसांना प्रार्थनेला बसता येतं, असं तूच लिहिलं होतंस. देवळात जाणं म्हणजे काही शटर वाजवणं नाही. आईला विचारलं. तिने पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "कोणाला भेटायचं नाही. कोणाला सांगायचं नाही. नुसतं बसून यायचं. तसं असेल तर चल."

किनुए


नागोया, १९ डिसेंबर

तोमोए,

सगळी पत्रं तुला एकदम मिळतील, तेव्हा हे आधी वाचत असशील तर थांब आणि बाकीची वाच. मग हे.

आम्ही सोमवारी आलो होतो. नोनोकाही आली, खुर्ची ढकलायला. आगगाडीत आईने अंड्याचं सँडविच मागितलं आणि एक घास खाऊन नोनोकाला दिलं. किसोला बर्फ होतं. टॅक्सीवाला म्हणाला, "मठात? आता तिथं कोणी भेटत नाही हो." आई म्हणाली, "माहितीय. आम्ही भेटायला नाही चाललो."

फाटकावरची सिस्टर, ती गोल चेहऱ्याची, चष्मेवाली, आम्हाला बघून लगबगीने आली. कोणाकडे आलात, विचारलं. माझ्या तोंडावर आलं होतं. आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो अजून निळा आहे. "कोणाकडे नाही," आई म्हणाली, "प्रार्थनेला. आणि तुमची बिस्किटं चांगली असतात म्हणतात, तीही हवीत." सिस्टरने बिस्किटं दिली. आईने तिथंच एक चाखलं आणि लोणी जरा जास्त आहे असं तिला सांगितलं. ती तुला काही म्हणाली असेल तर ती लोणीवाली म्हातारी म्हणजे आपली आई.

मग आत बसलो. तुमच्या बाजूला जाळी आणि तिच्यामागे पडदा. पडद्याआडून तुमचं गाणं सुरू झालं. सगळ्या एका आवाजात गाता तुम्ही. मी कान टवकारून तुझा आवाज शोधत होते आणि मला तो सापडेना. माझी सख्खी बहीण पडद्यापलीकडे आहे आणि यातली कुठली ते मला कळत नाही. आईकडे बघितलं. ती डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून बसलेली. चेहरा अगदी पिवळा. मला वाटलं, झोपली.

गाणं संपलं. मग ती तुमची शांतता. आमच्या चॅपलमधली त्यापुढे बाजार म्हणावी.

आई उठली. या वेळी मी ओढलं नाही. नोनोकाने एक हात धरला, मी दुसरा, आणि मग टाळ्यांसाठी दोन्ही सोडावे लागले. ती डुगडुगत उभी राहिली. एकदा वाकली. दोनदा वाकली. टाळ्या वाजवल्या, पण अंगात जोर नव्हता. मला वाटलं, पडद्यापर्यंत पोचल्यासुद्धा नसतील.

काही झालं नाही. कोणीतरी खोकलं. आई तशीच उभी, कान देऊन. मी तिच्या कमरेला हात घातला, म्हटलं आता बस. आणि तेवढ्यात पलीकडून टाळी आली. एकच. धड, खणखणीत. मग काहीच नाही. इतकं काहीच नाही, की मला वाटलं कोणाच्या हातून पुस्तक पडलं असेल.

आणि मग दुसरी आली. उशिरा. लोळत.

आईने शेवटचा नमस्कार केला आणि खुर्चीत बसली. "चला," म्हणाली, "गाडी चुकेल." बाहेर बर्फात नोनोका हमसाहमशी रडत होती, मी रडत होते आणि आई बिस्किटाचं खोकं सांभाळत बसली होती. टॅक्सी स्टेशनला पोचली तेव्हा आई एकदम म्हणाली, "वयाची पन्नाशी उलटली, तरी लोळतेच आहे मेली." आणि हसली. तोमोए, सप्टेंबरपासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तुला त्यासाठी बोलणी बसली असतील तर माझ्या नावावर घाल. मी तुझ्यावर रागावले होते ना, तो राग किसोहून परत आला नाही. शोधला, पण कुठंच नाही. माझी चौकशीही संपली. तिथं हाक मारणारं कोणी नव्हतं म्हणून तू गेलीस असं मी लिहिलं होतं. पण तू हाकेची वाटही बघत होतीस. हे मला कुठल्याच बाकावर बसून कळलं नसतं.

त्या दिवसानंतर आई जिना उतरलेली नाही. आता सकाळी मी खाली जाते, देवाच्या फळीसमोर मीच टाळ्या वाजवते आणि ती वरून उत्तर देते. आजही आलं. पहिली टाळी ऐकू आली. दुसरीला इतका वेळ लागला की मी जिन्याच्या अर्ध्यावर पोचले होते.

नाताळला अजून काही दिवस आहेत. आई म्हणते, तोवर टिकते. ती टिकली, तर ही पत्रं वाचून झाल्यावर लगेच तुमच्या फोनवरून फोन कर. तोवर तुमचं शटर उघडलेलं असेल, आईची शपथही सुटलेली असेल. फोन मी तिच्या कानाला लावीन. बोलायला सुचलं नाही तर बोलू नकोस, दोन टाळ्या वाजव. तिचं उत्तर आलं नाही, तरी फोन ठेवू नकोस. तिची दुसरी टाळी आता तुझ्याहून उशिरा येते.

तुझी ताई